धुरावरचा भरवसा

मानखुर्दला महाराष्ट्र नगरच्या तोंडाशी माझं छोटं गॅरेज आहे. चोवीस वर्षं टू-स्ट्रोक गाड्यांवर हात चालतोय. त्यातली एकोणीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ठणकावून सांगत आलो: "धूर दिसतोय म्हणजे तेल पोचतंय, आणि तेल पोचतंय तोवर पिस्टन चिकटत नाही." हे वाक्य चुकीचं होतं. त्यामुळे लोकांचं नुकसान झालं, म्हणून आता ते लिहून मोकळं होतो आहे.

आमच्याकडे येतात त्या बहुतेक यामाहाच्या आरएक्स १००. १९८५ ते १९९६ या काळात ही गाडी निघाली. ९८ सीसी, पन्नास मिलिमीटरचा बोअर, पन्नासचाच स्ट्रोक, अकरा हॉर्सपॉवर. मुंबईत चिखलातली गाडी म्हटली की पावसाळ्यातली मान्सून स्कूटर रॅली आठवते. ती पाहून पोरांना खाज सुटते. परदेशी एंड्युरो गाडी घेणं मानखुर्दच्या पोराच्या आवाक्यात नाही. मग आरएक्सलाच बटन टायर घालायचे, मागचं साखळीचं चक्र मोठं करायचं, सायलेन्सर उंच बांधायचा आणि रविवारी पहाटे वाशीचा पूल ओलांडून पनवेल-कर्जतच्या कच्च्या वाटा गाठायच्या. अशा तीसेक गाड्या मी उभ्या केल्या असतील. प्रत्येक गाडीचं पहिलं काम ठरलेलं: तेलाचा पंप काढून टाकायचा.

हा पंप म्हणजे ऑटोल्यूब. यामाहाने १९६४ मध्येच ही पद्धत आणली. तेलाची टाकी वेगळी, आणि इंजिनाचे फेरे आणि मूठ किती फिरवली त्या मानाने पंप तेल सोडतो. काम चोख आहे. पण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. डोळ्यासमोर पेट्रोलमध्ये ओतलेलं तेल मला खरं वाटायचं. बजाजच्या स्कूटरला लिटरला २० मिली घालत, म्हणजे पन्नासास एक. मी डोंगरासाठी पंचविसास एक सांगायचो. गाडी चिकटली तर विसास एक. पुन्हा चिकटली तर सोळास एक. तेलाने कुणाचं वाईट झालंय, असं मी म्हणायचो.

माझी स्वतःची आरएक्स तीनदा चिकटली. दर वेळी बोअर पाव मिलिमीटरने वाढवला, नवा पिस्टन घातला आणि तेल वाढवलं. जुने पिस्टन मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले. सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे दिसायचे. ओरखडा म्हणजे तेल कमी पडलं, एवढंच मला वाचता येत होतं. त्यातला एकही पिस्टन उलटा करून मी आतून पाहिला नाही.

मग पाच वर्षांपूर्वीचा तो जुलै. आमच्याच वस्तीतल्या एका मुलाची गाडी मी बांधली होती. गाडी मुठीला हलकी लागत होती, पण मूठ सोडली तरी फेरे लगेच खाली येत नव्हते, क्षणभर वरच तरंगायचे. त्याने विचारलंही, "दादा, ही अशी का करते?" मी म्हणालो, "मोकळी झालीय गाडी, तेल थोडं वाढव." पुढच्या रविवारी खारघरच्या पुढे उतारावर पिस्टन चिकटला, मागचं चाक जाम झालं, क्लच दाबायला त्याला वेळच मिळाला नाही. गळ्याचं हाड मोडलं. त्याची आई दारात उभी राहून मला काहीच बोलली नाही. ते मला फार लागलं. तरी परत येऊन मी काय केलं? त्याच्या गाडीचा बोअर मारायला दिला आणि वहीत लिहिलं: सोळास एक.

ती वही पाहिली शेजारच्या फ्रीजवाल्या काकांनी. त्यांचं आयुष्य फ्रीज आणि एसी दुरुस्त करण्यात गेलं. टू-स्ट्रोकशी त्यांचा संबंध एका जुन्या स्कूटरपुरता. त्यांनी विचारलं, "तीनदा तेच झालं आणि तीनदा तू तेच औषध दिलंस? फ्रीजचा गॅस उडाला की मी आधी गळती शोधतो, मग गॅस भरतो. नुसता भरत बसलो तर गिऱ्हाईक दर महिन्याला परत येईल. तू गळती शोधलीस का?"

मी नाही म्हणालो. शोधायची असते हेच मला ठाऊक नव्हतं.

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या पेटीत फक्त तेल असतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल, हवा आणि तेल आधी त्या पेटीतच ओढलं जातं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. म्हणून ती पेटी हवाबंद असावीच लागते. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं, पांढऱ्या धुराचे लोट उठतात, अख्ख्या गल्लीला कळतं. डावीकडचं, मॅग्नेटमागचं सील गेलं तर आत येते फक्त हवा. ना धूर ना डाग. कार्ब्युरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात ही न मोजलेली हवा मिसळते, पेट्रोल कमी पडतं, ज्वलन तापतं. मूठ सोडल्यावर फेरे वर तरंगतात ते त्याच हवेमुळे. त्या मुलाने मला रोगाचं लक्षण सांगितलं होतं आणि मी त्याला गाडी मोकळी झाल्याचं सांगितलं.

आम्ही त्याची गाडी तपासायला घेतली. सायलेन्सरचं आणि कार्ब्युरेटरचं तोंड सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावून बंद केलं, प्लगच्या भोकातून नळी घेतली, काकांचं गेज लावलं आणि हातपंपाने ६ पीएसआय हवा भरली. जास्त भरू नये, सील उलटतात. ठीक असलेल्या इंजिनात काटा सहा मिनिटं जवळजवळ तिथेच राहायला हवा. आमचा काटा अर्ध्या मिनिटात शून्यावर आला. मॅग्नेट काढून साबणाचा फेस लावला, आणि सीलच्या ओठाभोवती बुडबुड्यांची रांग धरली. रबर नखाने खरवडलं तर कडक होतं, वाळक्या चामड्यासारखं. दीडशे रुपयांचं सील. त्याच रात्री माझी गाडी उघडली. तिथेही तेच.

मग डबा काढला आणि तिन्ही पिस्टन उलटे केले. तिन्हींच्या डोक्याखाली मधोमध तेल जळून काळा गोल झालेला. डोक्यावरची कडा वाळूने घासल्यासारखी खडबडीत. तेल कमी पडलेला पिस्टन असा नसतो. हा पेट्रोल कमी पडून तापलेला पिस्टन. पुरावा माझ्याच डब्यात होता.

आणि तेल वाढवून मी आगीत भर घातली, ती कशी तेही सांगतो. कार्ब्युरेटरमध्ये इंधन मोजणाऱ्या जेटमधून जे जातं ते मिश्रण. त्यात तेल वाढलं की पेट्रोल घटतं. पन्नासास एक या मापात लिटरभर मिश्रणात पेट्रोल ९८० मिली असतं, सोळास एकमध्ये ९४१. जेट तोच ठेवून मी पेट्रोल आणखी चार टक्के कमी करत होतो. तेल जास्त घालणं पाप नाही, शर्यतवाले घालतात; पण ते जेट बदलून घालतात. केटीएमच्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक एंड्युरोच्या पुस्तिकेत चांगल्या तेलासाठी साठास एक लिहिलेलं असतं. पूर्वी ते वाचून मी कंपनीवर हसलो होतो.

आता माझा क्रम बदललाय. गाडी आली की आधी दाब तपासायचा. मग फोमचा फिल्टर धुऊन तेल लावायचा. मंडाळ्याकडची धूळ आणि आमच्या भागातल्या सिमेंट मिक्सरच्या गाड्यांची भुकटी फिल्टरमधून सुटली तर रिंगा खाते. मग प्लग पाहायचा, आणि सगळ्यात शेवटी जेट. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जेट एखादा नंबर वरचाच लागतो, कारण तेवढ्याच हवेला आता जास्त इंधन हवं. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल पावसाळ्यात पंधरा दिवस टाकीत ठेवू देत नाही. ज्याच्या गाडीचा पंप शाबूत आहे त्याचा मी आता काढत नाही. तीन गाड्यांना तर मी काढलेले पंप शोधून परत बसवले.

धुराबद्दलही बोललं पाहिजे. देवनारच्या कचराडेपोच्या वाऱ्याखाली राहणारी ही वस्ती. तिथल्या अरुंद गल्लीत मी पोरांना सांगत होतो की धूर चांगला. घराच्या दारात बसलेल्या म्हाताऱ्या पदर नाकाला लावायच्या आणि मी ते पाहत होतो. त्या धुराने कुणाचंही इंजिन वाचत नव्हतं.

त्या मुलाकडे मी सील बदललेली गाडी घेऊन गेलो आणि चूक कुणाची होती ते त्याच्या आईसमोर सांगितलं. बोअरचे पैसे परत दिले. तो आता पन्नासास एक तेल घालतो. पाच पावसाळे झाले, पिस्टन तोच आहे.

माझी जुनी वही मी ठेवली आहे. तिच्यात तेल वाढवायला सांगितलेल्या एकवीस गाड्या आहेत, त्यातल्या बारा तपासून झाल्या. उरलेल्या नऊ जणांतले काही नेरूळला गेले, काही गावी. तुमची आरएक्स कधी माझ्या हाताखालून गेली असेल आणि मूठ सोडल्यावर फेरे वर तरंगत असतील, तर आज चालवू नका. टेम्पोत घालून आणा. तपासणीचे पैसे मी घेणार नाही, सीलचे द्या.