अणू कोणता आणि रेणू कोणता?

'रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम आपण कसा बसवला, ते लिहा,' असे वार्तापत्राच्या संपादक मंडळाने सांगितले. ते सांगायचे तर आधी मी काय चुकीचे शिकवले ते सांगणे भाग आहे, कारण नववी-दहावीचा आपला आराखडा त्या चुकीतूनच तयार झाला.

लग्नानंतर १९८७ साली मी साताऱ्याहून इंदूरला आले आणि वर्षभरात आपल्या शाळेत रुजू झाले. शाळा मराठी मंडळींची, पण विज्ञान हिंदीतून. माझे शालेय शिक्षण सगळे मराठीतून झालेले. हिंदी बोलता येत होते, त्यामुळे काही अडेल असे वाटले नाही. मराठी घरातल्या मुलांना एखादी गोष्ट अडली की मी मधल्या सुट्टीत मराठीतून समजावून देत असे. मुलांनाही ते आवडायचे.

१९९१ च्या सहामाही परीक्षेत मी एक प्रश्न घातला होता: 'ऑक्सीजन के एक अणु में कितने परमाणु होते हैं?' नववीतल्या एका हुशार मुलीने लिहिले होते की अणु हा मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, त्यात आणखी कण कसे असतील? मी लाल शाईने फुली मारून शून्य दिले. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली. "बाई, तुम्हीच असं सांगितलं होतंत."

वहीत माझेच वाक्य होते. मराठीत अणू म्हणजे ॲटम आणि रेणू म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल! मी सुट्टीत मराठी अणू शिकवला आणि परीक्षेत हिंदी अणु विचारला. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याच्या दोन पायऱ्या. मी गुण वाढवून दिले, पण तिच्या मनात बसलेली भीती गेली नाही. दहावीनंतर तिने कला शाखा घेतली. "रसायन माझ्या डोक्यात शिरत नाही," असे ती म्हणाली. शिरत नव्हते की मी दार चुकीचे दाखवले होते, हा प्रश्न मला बरीच वर्षे टोचत राहिला.

मग मी असे शब्द गोळा करायला लागले. आपण घरी म्हणतो, "बोअरिंगच्या पाण्यात क्षार आहेत." मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. हिंदी पुस्तकात सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा बेस, म्हणजे आम्लाच्या अगदी विरुद्ध गुणाचा पदार्थ. गंमत अशी की आपल्या पापडखारातला 'खार' मात्र या हिंदी अर्थाच्या जवळचा आहे. ज्या मुलाला घरी एक अर्थ, शाळेत दुसरा आणि पुढे कॉलेजात तिसऱ्याच भाषेतला शब्द भेटतो, त्याला आधी व्याख्या पाठ करायला लावणे हा अन्यायच.

१९९४ साली मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या रसायनाचा वर्षभराचा आराखडा करायला सांगितला, तेव्हा मी ठरवले की आधी वस्तू, मग शब्द आणि शेवटी सूत्र. पुढे वाचनात आले की ग्लासगोचे ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९९१ च्या एका लेखात हीच अडचण मांडली होती. रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते: डोळ्यांना दिसणारे, न दिसणाऱ्या कणांचे आणि चिन्हांचे. शिक्षक तिन्हींवर सहज उड्या मारतो. नवख्या विद्यार्थ्यावर तिन्ही एकदम कोसळतात.

त्या काळात होशंगाबाद जिल्ह्यात (आताचे नर्मदापुरम) विज्ञान शिक्षणाचा मोठा प्रयोग चालू होता. १९७२ साली १६ माध्यमिक शाळांत तो सुरू झाला आणि २००२ साली शासनाने बंद केला. मी तिथला एक वर्ग पाहून आले. मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करत होती, आणि परीक्षेला 'बाल वैज्ञानिक' हे पुस्तक जवळ ठेवायला परवानगी होती. पुस्तक उघडे ठेवूनही उत्तर शोधावे लागेल असा प्रश्न काढणे किती अवघड असते, ते मला तिथे कळले.

परत आल्यावर उत्साहाच्या भरात मी ४० प्रयोगांची यादी केली. पहिल्या वर्षी जेमतेम १४ झाले, पुस्तक मागे पडले आणि पालकांच्या तक्रारी आल्या. त्या रास्तच होत्या. मग यादी १२ वर आणली. अभ्यासक्रम करताना काय घालायचे यापेक्षा काय सोडायचे हे ठरवणे जड जाते.

सामान सियागंजातून आणायचे: तुरटी, नवसागर, मोरचूद, खाण्याचा सोडा, कळीचा चुना. हळद घरची. (मोरचूद विषारी, म्हणून ते बाईंच्याच हातात.) हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत बुडवला की लाल होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. "आजी हळदीत चुना घालून कुंकू करायची," असे कोणीतरी दरवर्षी हटकून सांगते. तिथून आम्ल आणि आम्लारीचा धडा सुरू.

दुसरा प्रयोग तराजूचा. १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये ४.२ ग्रॅम खाण्याचा सोडा टाकायचा, आणि फसफस थांबल्यावर पुन्हा वजन करायचे. दोनेक ग्रॅम कमी भरते. कुठे गेले? मग तो वायू चुन्याच्या निवळीत सोडायचा. निवळी दुधाळ होते. हे पाहिल्यावरच कणांची चित्रे काढायची आणि त्यानंतर समीकरण. हिशेबाने २.२ ग्रॅम वायू निघायला हवा, आमचा १.९ भरला. उरलेला थोडा पाण्यातच विरघळून राहतो, हे एका मुलानेच सोडावॉटरच्या बाटलीवरून ओळखले.

प्रत्येकाची एक वही. पहिल्या रकान्यात जे पाहिले ते, पुढे घरचा शब्द, हिंदी शब्द आणि इंग्रजी शब्द. अणू, परमाणु, ॲटम. रेणू, अणु, मॉलिक्यूल. क्षार, लवण, सॉल्ट. परीक्षेत ही वही उघडी ठेवायची मुभा. कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने याच वहीवरून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग बसवला. हिंदीतून आलेल्या मुलांना विषय येत होता, नुसते इंग्रजी नावाला ती बिचकत होती.

सगळ्यांना रसायन आवडू लागले असे नाही. पण 'डोक्यात शिरत नाही' म्हणणारी मुले कमी झाली, एवढे मी नक्की सांगेन.

मी २०१८ साली निवृत्त झाले. त्यानंतर एका गणेशोत्सवात ती मुलगी भेटली. तिचा मुलगा आता आपल्याच शाळेत आहे. म्हणाली, "बाई, त्याची शब्दांची वही मीच आधी वाचून काढली." मी तिची क्षमा मागितली. ती हसली आणि मोदकाचे ताट पुढे केले.

पालकांना एक विनंती. मुलाने शब्दाचा अर्थ विचारला तर लगेच सांगू नका. आधी विचारा, "कोणत्या भाषेतला?" आणि जमले तर ती वस्तू त्याच्या हातात द्या.