वीस रुपयांची दलाली

१७९५ साली आमच्या खर्ड्याने निजामाची हार पाहिली. हल्लीची लढाई मोबाइलवर, सकाळी सव्वानऊला सुरू होते. माझा एक जुना विद्यार्थी कालवड विकून आलेले २०,००० रुपये घेऊन या रणात उतरला आहे.

“गुरुजी, दलाली अवघी वीस रुपये!”

मी पाटी पुढे ओढली. (मास्तरकी सुटत नाही!) घेताना २०, विकताना २०; दलालीवर १८ टक्के कर, विक्रीवरचा कर, मुद्रांक, बाजाराचा आकार. २०,००० च्या एका सौद्याला सुमारे ५४ रुपये. रोज पाच सौदे, महिन्याचे वीस दिवस : ५,४००. कालवडीचा पाव हिस्सा गेला, आणि नफातोटा अजून मांडलेलाच नाही!

सेबीने २०२४ मध्ये सांगितले, की २०२२-२३ साली शेअर घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्या दहांतले सात जण तोट्यात गेले. शिवाय त्या तोट्याच्या ५७ टक्के एवढी रक्कम नुसत्या खर्चापायी गेली.

आणि हा शेअर निवडतो कसा? स्वस्त दिसला म्हणून! ज्याला गिऱ्हाईक थोडे, त्याच्या घेण्याच्या नि विकण्याच्या भावांत अंतर मोठे. ती दलाली पावतीवर उमटतच नाही. आठवडी बाजारात मात्र हाच पोरगा रुपयासाठी हुज्जत घालतो.

तो बराच वेळ पाटीकडे पाहत राहिला.

“आणि दिवसाला एकच सौदा केला तर, गुरुजी?”

“१,०८०,” मी म्हटले.