मनगटावरचं घड्याळ

गेल्या महिन्यात मुंबईच्या आरे दूध वसाहतीतून येताना पिकनिक पॉइंटच्या पुढे रिक्षा अडली. मोबाइल चोरल्याच्या संशयावरून एका पोराला लोक मारत होते. माझ्या शेजारी इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस स्कूटरवरून उतरला. स्कूटर नीट स्टँडला लावली, घड्याळ काढून बायकोच्या हातात दिलं, बाह्या दुमडल्या आणि गर्दीत शिरला. पाऊस नुकताच थांबला होता. गोठ्यांकडून ओल्या शेणाचा, पेंडीचा वास आला आणि माझी मूठ आपोआप वळली. मी उतरेपर्यंत पोलिसांनी पोराला नेलं होतं. उतरायला मी वेळ लावला, हे खरं.

त्या दुमडलेल्या बाह्यांत मला विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' नाटकातला घाशीराम दिसला. त्याचं पतन लोक कोतवाली मिळाल्यापासून मोजतात. मी चोरीच्या आळापासून मोजतो. कनोजहून आलेला परका ब्राह्मण पुण्यात खोट्या आळानं मार खातो, सुडाची शपथ घेतो, पोटची पोर गौरी नाना फडणवीसांना देऊन कोतवाल होतो. आणि पुढे चोरीचा आळ आलेल्या दुसऱ्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायला लावतो. मार कसा लागतो हे ठाऊक असलेला माणूस! शिवाय हे सगळं रीतसर. घाशीरामाच्या राज्यात प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो.

खरा घाशीराम सावळदास १७९१ च्या ऑगस्टात मेला. त्याच्या कोठडीत कोंडलेले दक्षिणी ब्राह्मण गुदमरून गेले, तेव्हा लोकांनी त्याला दगडांनी ठेचला. नाटक मंचावर आलं १६ डिसेंबर १९७२ ला, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, आणि एकोणीस प्रयोगांनंतर थांबवावं लागलं. वाद कशावर? नाना फडणवीसांची बदनामी झाली का, यावर. गौरीसाठी कुणी भांडल्याचं माझ्या वाचनात नाही. हा राग माझा अजून गेलेला नाही.

दगड माझ्याही हातात होता. १९७५ साल, मी अकरा वर्षांचा. दूध आयुक्त दारा खुरोडींनी मुंबईतल्या म्हशी आरेत आणवल्या, त्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती. आमचे वडील दुधाच्या कामावर, क्वार्टर्स गोठ्यांना लागून. जवळच्या पाड्यावरचा एक वारली माणूस पॅरा गवताचे भारे आणायचा. एका संध्याकाळी सरकीचं एक पोतं कमी भरलं आणि आळ त्याच्यावर आला. मोठी माणसं मारत होती. आम्ही पोरं कडेला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी दगड उचलला, चिखल लागू नये म्हणून चड्डीला पुसला, आणि मारला. त्याच्या कानामागे लागला.

तो दगड मी पुसला का? इतक्या वर्षांनी तिथेच अडतो.

पोतं दुसऱ्या दिवशी सापडलं, मोजण्यात चूक होती. माफी कुणी मागितली नाही. तो भारे आणत राहिला. घाशीरामासारखा उलटला नाही; त्याला कोतवाली द्यायला कुणी नाना नव्हता, आणि असता तरी तो उलटला असता असं मला वाटत नाही. फक्त पायवाटेवर मी समोरून दिसलो की डोक्यावरच्या भाऱ्यासकट बाजूला गवतात उतरून उभा राहायचा. अकरा वर्षांच्या पोराला वाट द्यायला.

परवा आईला विचारलं, त्याचं नाव काय होतं गं? ती पंच्याऐंशी पूर्ण झालेली. बराच वेळ आठवत बसली.

"नाव नाही आठवत रे. गवतवालाच म्हणायचो. त्या दिवशी आपल्या दारात आला होता. कानातून रक्त येत होतं. पाणी मागितलं. दिलं मी."

मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वरून. ओंजळीत ओतलं."

खिडकीबाहेर पाऊस पुन्हा लागला होता. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.