यादीत नसलेले नाव

परवा आमचा पुतण्या आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन घरी आला. पोरगा डावखुरा आहे आणि चेंडू चांगला वळवितो, असे गावात सगळेच म्हणतात. चहा झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, याले नागपूरले ठेवावं म्हणतो. तुमाले काय वाटते?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस उत्तर सुचेना. कारण तीस वर्षांपूर्वी याच ओसरीवर त्याने आम्हांला असाच एक प्रश्न केला होता, आणि त्या वेळी दिलेले उत्तर आम्हांला अजून बोचते.

त्या काळी तो विद्यापीठाच्या संघातून खेळे. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. आम्हां बोरगावकरांना नागपूर हाकेच्या अंतरावर. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ पलीकडे गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. भाषा नागपूरची, पण निवडीसाठी डोळे इंदूरकडे! दोन वेळा तो चाचणीला गेला, दोन्ही वेळा यादीत नाव आले नाही. परतल्यावर त्याने विचारले, "माह्यं कुठं चुकलं, काका?" आम्ही म्हणालो, "तुझ्यातच काही उणे असेल. निवडणारे का आंधळे असतात?" पुढे त्याने चेंडू हाती धरलेला आम्ही पाहिला नाही. बाग सांभाळू लागला, संसारात रमला.

आमचे ते वाक्य किती उथळ होते, हे पुढे वाचनातून उमगत गेले. मुंबईचे पद्माकर शिवलकर घ्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रास येथे तामिळनाडूचे आठ गडी त्यांनी अवघ्या १६ धावांत आणि दुसऱ्या डावात पाच गडी १८ धावांत बाद केले. हरियाणाच्या राजिंदर गोयल यांनी तर एकट्या रणजी स्पर्धेत ६३७ बळी मिळविले. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्याही वाट्याला एकही कसोटी आली नाही. त्यांच्यात उणे काय होते? काहीच नाही. त्याच काळात त्याच जातीचे गोलंदाज बिशनसिंग बेदी भारताकडून खेळत होते. जागा एक आणि माणसे तीन! सुनील गावसकर यांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवर पुस्तक लिहिले, त्यात या दोघांना मानाचे स्थान दिले. क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव दोघांना मिळाला तो २०१७ साली. शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये निवर्तले.

अमोल मुजुमदार यांची कथाही निराळी नाही. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी यांनी शाळेसाठी ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकावर हेच बसले होते. पुढे रणजीतील पहिल्याच सामन्यात त्यांनी २६० धावा काढल्या, कारकिर्दीत अकरा हजारांहून अधिक केल्या. भारताची टोपी मात्र मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे प्रशिक्षक तेच होते. आणि आपल्या नागपूरचे फैज फझल? २०१६ साली झिम्बाब्वेत एकदिवसीय सामना खेळायला मिळाला, नाबाद ५५ धावा केल्या, आणि पुन्हा कधीच बोलावणे आले नाही. त्यांच्याच नेतृत्वाखाली विदर्भाने २०१७-१८ मध्ये प्रथमच रणजी करंडक जिंकला.

आमचा पुतण्या शिवलकरांच्या तोलाचा होता, असे म्हणण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. कदाचित निवडणाऱ्यांचे बरोबरही असेल. पण वाचकहो, आम्हांला बोचते ते वेगळेच. आम्ही त्याचा एकही सामना पाहिला नव्हता! न पाहता, केवळ यादीत नाव नाही म्हणून, आम्ही त्याला उणा ठरविले. यादीवरून जागा किती होत्या ते कळते. माणूस केवढा होता हे कळत नाही.

परवा आम्ही हे सारे त्याला सांगितले. "त्या दिवशी आम्ही चुकलो," असेही म्हणालो. तो बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमच्या ध्यानात हाय ते, काका?"

मुलाला नागपूरला पाठवावे, असे आम्ही सांगितले आहे. मात्र एक अट घातली आहे. ज्या दिवशी यादीत त्याचे नाव नसेल, त्या दिवशी त्याला आधी आमच्याकडे आणायचे. आणि त्यापूर्वी त्याचा खेळ आम्ही स्वतः पाहायचा. येत्या रविवारी सौंसरला सामना आहे. सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघणार आहोत.