रीतीला गुण

गेल्या पावसाळ्यात आमचे गणिताचे सर लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात आले. त्यांना निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीत बसत नाही. लॅपटॉप उघडला तर पडदाभर लाल अक्षरं: १,२८७ चुका सापडल्या. खाली भलंमोठं हिरवं बटण, 'आत्ताच दुरुस्त करा'.

"फुकट म्हणून घेतलं रे. तपासणी फुकट केली, आता दुरुस्तीचे पैसे मागतंय."

"भरले नाहीत ना, सर?"

"छे! म्हटलं, कुठल्या चुका त्या दाखव. तर दाखवत नाही. नुसतं उत्तर, रीत नाही. असल्या पेपरला मी भोपळा द्यायचो."

बावीस वर्षं मी कंप्युटर दुरुस्त करतोय. फुकटची युटिलिटी पारखायची याहून चांगली कसोटी मला कुणी सांगितली नव्हती.

दुकानात मागच्या फळीवर एक जुना लॅपटॉप आहे. चार जीबी रॅम, कुरकुरणारी हार्ड डिस्क, आत कामाचं काहीही नाही. नवीन युटिलिटी आधी त्याच्यावर चढते, मग गिऱ्हाइकाच्या मशीनवर. सर गेल्यावर मी त्याच्यावर विंडोज कोरं टाकलं, दुसरं काही न घालता त्यांचंच सॉफ्टवेअर चढवलं आणि तपासणी लावली. अर्ध्या तासापूर्वी जन्मलेल्या विंडोजमध्ये त्याला तीनशेवर चुका सापडल्या. बाळ पाळण्यात, आणि वैद्यबुवा म्हणतात संधिवात आहे.

या 'चुका' म्हणजे बहुतेक रजिस्ट्रीतल्या अनाथ नोंदी. रजिस्ट्री ही विंडोजची नोंदवही. एखादा प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या दोनचार ओळी मागे राहतात. मतदारयादीत काही मयतांची नावं राहिली म्हणून तुमचं मतदान उशिरा होतं का? विंडोजही हवी ती नोंद थेट तिच्या पत्त्यावरून उघडतं, अख्खी वही चाळत बसत नाही. शेकडो नोंदी पुसून वाचतात काही किलोबाइट. उलट एखादी जिवंत नोंद पुसली गेली की विंडोज पुन्हा टाकण्याची पाळी येते. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

हा खेळ किती खालच्या थराला जातो ते अमेरिकेत उघड झालं. ऑफिस डेपो ही तिथली मोठी दुकानसाखळी. तिथे गिऱ्हाइकाच्या पीसीची 'फुकट तपासणी' व्हायची. सुरुवातीला चार प्रश्न: मशीन हळू चालतं का, व्हायरसचा इशारा आला का, अशा धर्तीचे. एकाही प्रश्नापुढे खूण केली, की मशीनमध्ये काही असो नसो, मालवेअरची लक्षणं असल्याचा निकाल ठरलेला. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवलं.

रॅम 'मोकळी' करणारी सॉफ्टवेअरं तर मला विनोदी वाटतात. ओट्यावरचे मिठा-मसाल्याचे डबे उचलून माळ्यावर टाकायचे आणि म्हणायचं, बघा ओटा किती मोकळा! मग चिमूटभर हळदीसाठी शिडी चढा. रॅममधलं उचकटून डिस्ककडे हाकललं की आलेख झरकन खाली येतो, आणि पुढच्या क्लिकला तेच सगळं डिस्कवरून परत आणावं लागतं. गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त आलेख.

माझी स्वतःची रीत साधी आहे. युटिलिटी टाकण्यापूर्वी ऑटोरन्स चालवतो, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवतो आणि मशीन सुरू होताना आपोआप काय काय उठतं ते मोजतो. टाकल्यावर पुन्हा मोजतो. सरांच्या त्या सॉफ्टवेअरनं चार ओळी वाढवल्या: एक सेवा, दोन ठरलेल्या वेळी उठणारी कामं आणि ब्राउझरचं एक शेपूट. मग अनइन्स्टॉल करून तिसऱ्यांदा मोजलं. एक ओळ तशीच होती. पाहुणे गेले, चपला राहिल्या. ऑटोरन्स हे मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्समधलं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनीच विकत घेतली. टूल अजून फुकट आहे आणि इन्स्टॉलही करावं लागत नाही.

इन्स्टॉल करताना 'एक्स्प्रेस' सोडून 'कस्टम' निवडावं. नको त्या टूलबारपुढच्या खुणा तिथेच आधीपासून केलेल्या सापडतात.

सहीचं मात्र जरा अवघड आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' पाहा, असं मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं. मग २०१७ मध्ये सीक्लीनर या साफसफाईच्या फुकट सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं. चोरांनी ते बनवणाऱ्यांच्या यंत्रणेतच शिरून ५.३३ या आवृत्तीत विष कालवलं. ती १५ ऑगस्ट ते १२ सप्टेंबर अधिकृत साइटवरूनच, अस्सल सहीनिशी वाटली गेली आणि सुमारे २२ लाख ७० हजार मशीनवर पोचली. पाकीट कुणाचं ते सही सांगते. आत काय भरलंय ते नाही. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न असतो: हे मुळात हवंच आहे का? टेम्पररी फाइली काढायला विंडोजचं स्टोरेज सेन्स आहे. डिस्क नीट ठेवायचं काम विंडोज स्वतःच वेळापत्रकानं करतं.

मराठी टायपिंगचंही तेच. गूगलचं ऑफलाइन इनपुट टूल गूगलनं कधीच काढून टाकलं, पण त्याच्या प्रती कुठून कुठून उतरवून लोक आणतात. कीबोर्डचा प्रोग्रॅम म्हणजे तुमची प्रत्येक कळ पाहणारा माणूस, बँकेच्या पासवर्डासकट. आणि मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आयताच आहे!

मग फुकटातलं चांगलं काहीच नाही? आहे की. फाइली दाबून एका गठड्यात बांधणारं सेव्हन-झिप इगोर पावलोव्ह १९९९ पासून देतात. घरी वापरा, पतसंस्थेत वापरा, पैसा नाही. (बऱ्याच 'फ्री' सॉफ्टवेअरची मोफती घरापुरतीच असते. ऑफिसात टाकताना लायसन्स वाचावं. मीही उशिराच वाचायला लागलो.) 'एव्हरीथिंग' फाइल शोधायला डिस्कभर हिंडत नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेची स्वतःची फाइलींची यादी असते, तीच वाचतं, म्हणून नावाची दोन अक्षरं टाकली की फाइल हजर. आणि विनडिरस्टॅट अख्ख्या डिस्कचा रंगीत चौकोनांचा नकाशा काढतं. मोठी फाइल, मोठा चौकोन. पुसायचं काय ते तुम्ही ठरवा.

सर आठवड्यानं मशीन न्यायला आले तेव्हा तोच नकाशा त्यांना दाखवला. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली होती, तेवढ्यानंच मशीन पळत होतं. सरांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकले आणि सगळ्यात मोठ्या तीन चौकोनांवर बोट ठेवलं. तिन्ही सारखेच. नातीच्या लग्नाचा व्हिडिओ, तीन वेगवेगळ्या फोल्डरांत.

"हं, ही झाली रीत," सर म्हणाले. "पुस यातला एक."

"दोन पुसले तरी चालतील, सर."

"एकच पुस."