सोमेनचे पाणी

पाटावरून सुटणाऱ्या हातशेवया पाहत लहानाची मोठी झालेली मी जपानात संसार थाटल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सोमेनच्या, म्हणजे गव्हाच्या त्या अतिसूक्ष्म शेवईच्या, नादी लागले, हे ओघानेच आले. आमची शेवई उन्हाळ्यात करावयाची, तर ही ऐन थंडीत. पीठ, मीठ आणि पाणी ह्यांची दोरी वाळू नये, चिकटू नये म्हणून तेलाचा हात लावीत, ओढीत आणि विसावा देत तंतूसारखी बारीक करावयाची, हा तिच्या कारागिरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता.

खरेदी करताना वेष्टनावर ‘तेनोबे’, म्हणजे हाताने ओढलेली, हा शब्द आहे ना, ह्याची मी प्रथम खातरजमा करते. ह्योगो प्रांतातील ‘इबो नो इतो’ ह्या छापाच्या काळ्या पट्टीच्या जुड्या माझ्या विशेष आवडीच्या, जुडी ५० ग्रॅमची, म्हणून माणशी दोन. कोठारात एक पावसाळा काढलेल्या मालाला ‘हिने’ म्हणतात, आणि तो शिजल्यावर अधिक कणखर राहतो. जुन्या तांदळाची थोरवी जाणणाऱ्या मराठी गृहिणीस हे निराळे सांगावयास नको.

शिजविणे दीड-दोन मिनिटांचे. पाणी मुबलक असावे, त्यात मीठ मात्र घालू नये, कारण ते शेवईतच असते. परंतु खरे कसब चुलीवर नाही, धुण्यात आहे. पहिल्या वर्षी मी शेवई नुसती निथळून वाढली आणि तिचा तेलकट वासाचा गोळा झाला. आता चाळणीत ओतताच थंड पाणी सोडते, हाताला सोसेल इतकी निवली की तलम वस्त्र चोळावे तशी दोन्ही तळव्यांत चोळते. तांदळाच्या धुवणासारखे गढूळ पाणी निवळत जाते, बोटांखालचा बुळबुळीतपणा सरतो, आणि पिष्ट, तेल व अधिक मीठ गेले असे हातच सांगतात. मग बर्फाचे पाणी, आणि बुडवून खाण्यास कोम्बू हे समुद्रशेवाळ व कात्सुओबुशी हा सुक्या माशाचा कीस ह्यांच्या अर्कात सोया सॉस व मिरिन ही गोडसर तांदूळमदिरा घालून केलेले गार ‘त्सुयु’.

साठवणीची बाब त्याहून नाजूक. एकदा मी जुड्या गोड्या मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवल्या, आणि त्या धुतल्यावरही दगडफुलाचा दर्प गेला नाही. तेव्हापासून त्या कोरड्या, अंधाऱ्या फडताळात, घट्ट झाकणाच्या डब्यात एकट्या असतात. शिजवलेली साठविण्याची गोष्ट निराळी: उदोन ही जाड शेवई शिजवून गोठवून ठेवता येते. सोमेनला ते तितकेसे मानवत नाही. म्हणून माणसे पानावर बसल्याखेरीज आधण ठेवू नये.