मानेमागची उशी

मोटारींत बैठकीच्या माथ्यावर जी लहानशी गादी असते, तिला आपण उशी म्हणतों. आणि सारा घोटाळा या नांवांतच आहे. उशी म्हटली कीं हवी तर घ्यावी, नको तर काढावी, अशी आपली समजूत होते. आमचीही तशीच होती.

गतवर्षीं दिवाळींत आम्ही सहकुटुंब पुण्याहून साताऱ्यास निघालों. मातोश्री पुढें बसल्या. अंबाड्यास उशी टोंचते, अशी त्यांची तक्रार. तेव्हां आम्हीं मोठ्या तत्परतेनें ती उपटून डिकींत टाकली.

"आतां बरें वाटतें ना, आई?"

"हो रे, मान मोकळी झाली!"

शिरवळच्या पुढें वाहनें तुंबलीं होतीं. आम्ही उभे असतां मागून एक मोटार येऊन आदळली. कांच फुटली नाहीं, कोणास खरचटलेंही नाहीं. परंतु दुसऱ्या दिवशीं मातोश्रींस मान वळवितां येईना, आणि पुढील तीन महिने त्यांनीं गळ्यास पट्टा बांधून काढले. दोष मागच्या चालकाचा खरा. पण उशी काढणारे हात आमचेच होते.

मागून धक्का बसला म्हणजे बैठक पाठीस पुढें ढकलते. डोकें मात्र जडत्वामुळें जागींच राहूं पाहतें, आणि मान मागें हिसडली जाते. तो हिसका अडविणें हेंच या गादीचें काम. अमेरिकेंत १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढील बैठकांस ती कायद्यानें सक्तीची झाली, ती आरामासाठीं नव्हे.

आतां निघण्यापूर्वीं आम्ही प्रत्येकाची गादी पाहतों. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याशीं यावी. निदान कानांच्या वरच्या टोकाखालीं नसावी. डोकें व गादी यांत दोनतीन बोटांहून अधिक अंतर नसावें. बैठकीची पाठ फार कलती ठेविली तर हें अंतर वाढतें, व पट्टाही अंगावर नीट बसत नाहीं. दांड्याच्या बुडाशीं लहान कळ असते. ती दाबून उंची बदलावी, आणि गादी पक्की बसली कीं नाहीं हें हातानें दाबून पाहावें.

मातोश्री आतां प्रवासांत अंबाडा घालीत नाहींत. वेणी घालून ती खांद्यावरून पुढें घेतात. परवां गाडींत बसतांना त्यांनीं आमच्याच मानेमागें हात घालून पाहिला.

"अरे, तुझी किती खालीं आहे! आधीं ती वर कर, मग गाडी सुरू कर."

आम्हीं मुकाट्यानें कळ दाबली.